कोंडाबाईचा होकार

फट्... फट्... फट्...

रीळ संपलं की सुटलेलं टोक मशीनवर असं आपटायचं. किती वर्षं झाली, तो आवाज अजून कानात आहे. पत्र्याच्या थिएटरात मी दारावर तिकिटं फाडायचो.

"बुवा, मी रडलो का?"

विचारणारा सिद्राम, गिरीबुवांचा शिष्य. दुपारचा खेळ नुकताच सुटला होता. लोक डोळे पुसत बाहेर पडले होते. सिनेमा एका आईचा होता. नवरा गेलेला, लेकरं लहान, आणि कोरड्या शेतात ती एकटी विहीर खणते.

"नाही रडलास," बुवा म्हणाले.

"सगळे हुंदके देत होते. माझ्या डोळ्यांत टिपूस नाही. माया सुटली ना माझी?"

बुवा आतल्या खांबाकडे बघत होते.

"मग उद्या दीक्षा द्या. आईचा होकार तेवढा राहिलाय."

आईने हो म्हटल्याशिवाय बुवा कुणाला भगवी देत नसत. म्हणून त्यांनीच सिद्रामच्या आईला, कोंडाबाईला, खेळाला बोलावून घेतलं होतं. ती शेतातून तशीच आली. आत जाताना मला म्हणाली, "कशाचा खेळ हाय रं?"

"आईचा. शेतात लई राबती बिचारी."

"आन् ते बघाया तिकीट काढत्यात?"

आता ती खांबाला टेकून गाढ झोपली होती.

"ही पण रडली नाही," बुवा म्हणाले.

सिद्राम हसला. "ती कुठली रडते! पडद्यावरची नावं संपायच्या आत घोरायला लागली."

"का रे?"

"कांद्याची लागण चालू आहे. पहाटेपासून वाकलेली असते."

"जोडीला कोण?"

"तिला सवय आहे."

"सिद्राम, जोडीला कोण?"

"कुणी नाही."

बुवांनी झोळीतून एक कोरी भगवी छाटी काढली. घडी मोडली. कोंडाबाईच्या अंगावर हलकेच पसरली.

"बुवा! ती तर माझी... उद्याची..."

"माश्या बसतायत रे तिच्यावर."

"मग उठवतो ना तिला. हो म्हणाली की झालं." तो वाकला.

बुवांनी त्याचं मनगट धरलं.

"राहू दे. उठली की कामाला लागेल."

सिद्राम सरळ झाला. मग माझ्या शेजारून बाहेर पडला. मठाकडे न वळता कांद्याच्या मळ्याच्या वाटेला लागला.