शेवंती आणि सोनमातीची मूठ

हिरव्यागार रानाच्या कडेला एक चिमुकलं चौकाचं घर होतं. तिथे शेवंती आणि तिचे बाबा राहायचे. आई नव्हती, आणि चूल रोज पेटेलच असं नव्हतं. घराच्या भिंती वाळवीने पोखरल्या होत्या. म्हणून बाबांनी माती, पेंढा आणि चुना कालवून त्या नव्याने लिंपायला घेतल्या होत्या.

एका दुपारी बाबा माजघरात लिंपत होते आणि शेवंती चौकात होती, तोच आतून आवाज आला. कर्रर्र! भिंत फुगली, दाराची चौकट खचली आणि बाबा आत अडकले.

"बाबा!" शेवंतीने दार ढकललं. वरून माती भुरभुरली.

"ढकलू नकोस, बाळा! भिंत कोसळेल," बाबा आतून ओरडले. "रानातल्या तळ्याची चिकणमाती आण, भेगा बुजव. पळ!"

शेवंती पळत सुटली. काटेरी फांद्या तिचा परकर ओढत होत्या. झाडांच्या सावल्या लांब बोटांसारख्या पुढे सरकत होत्या. तळ्याकाठी पोचताच "भिंत पडेल, बाबा आत आहेत!" म्हणत तिला रडू फुटलं.

तोच जांभळ्या कमळातून एक इवलीशी परी वर आली. चतुरासारखे झिरझिरीत पंख, पायांत दवबिंदूंचे पैंजण.

"ही घे सोनमातीची मूठ," परी म्हणाली. "चिकणमातीत कालव. लावशील तिथे भिंत घट्ट होईल. पण एकदा लिंपायला लागलीस की हात थांबवायचा नाही हं. थांबलीस की जादू संपली."

तळ्याची चिकणमाती घेऊन शेवंती चौकात परतली, तिने त्यात सोनमाती कालवली आणि ती भराभरा लिंपू लागली. चमचम, चमचम! एकेक भेग मिटत गेली. चौकटीजवळची मोठी भेग तेवढी राहिली. तिने गोळा उचलला, तर भेगेतून आवाज आला, "चिक्... चिक्..."

आत खारीची गुलाबी पिल्लं होती. डोळेही न उघडलेली.

यांना जिवंत लिंपायचं? पण बाबा?

तिचा हात थांबला. गोळा खाली ठेवून तिने पिल्लांना अलगद पेंढ्यात निजवलं. मातीची चमक विझली. भिंत पुन्हा करकरली.

"बाबा, मी थांबले! भेगेत पिल्लं होती... जादू गेली हो!"

"बरं केलंस, बाळा," बाबा आतून म्हणाले. "आता तू लांब जा."

शेवंती गेली नाही. डोळे गच्च मिटून तिने दोन्ही तळवे भिंतीला लावले.

पापण्यांवर उजेड पडला. तिने डोळे उघडले, तर समोर परी होती.

"नियम मोडलास?"

"हो," शेवंतीने हुंदका दिला. "ती फार इवली होती गं."

"मोडलेली जादू मला परत देता येत नाही," परी हळूच म्हणाली. "पण माझा उजेड माझाच आहे. तो मी देईन."

तिने भेगेला गाल लावला. गुलाबी, सोनेरी, पोपटी उजेड झुळझुळत भिंतीत उतरला. भेग मिटली, चौकट सरळ झाली. परी मात्र उजेडातच विरघळून गेली.

दार उघडलं. धुळीने माखलेले बाबा बाहेर आले. शेवंतीने त्यांच्या कमरेला जी मिठी मारली, ती कितीतरी वेळ सोडलीच नाही.

त्या भिंतीला थंडीत पाठ टेकली, की अजून ऊब लागते म्हणतात.