घंगाळातलं नितळ पाणी

फार फार वर्षांमागे समुद्राकाठी ख्रिस्ती लोकांचं एक गाव होतं. प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून तिथले पाद्रीबाबा दरवर्षी पवित्र गुरुवारी गावातल्या बारा जणांचे पाय धुवायचे. त्या बारा चौरंगांवर बसायला मिळणं म्हणजे केवढा मान!

आता गंमत ऐका. हे बारा जण आठवडाभर आधीपासून वजरीने टाचा घासत बसायचे. पाद्रीबाबांपुढे मळका पाय कसा धरायचा? लाज नाही का वाटणार?

गावाबाहेर परमुलखातून आलेल्या कोळसा पाडणाऱ्यांची चार खोपटं होती. ती माणसंही प्रभूलाच मानायची. पण त्यांच्या काळ्या पायांनी फरशी खराब होते म्हणून गावाने त्यांना चर्चच्या दाराबाहेर ठेवलं होतं. त्यांच्यातली म्हातारी लखमाय लेकाच्या पाठीवर बसून यायची. मरण्याआधी एकदा तरी आत बसून प्रार्थना ऐकावी, एवढीच तिची आस होती. पण दार अडवायला गावचे इनास पाटील नेहमी हजर.

त्या वर्षी काय झालं, पाटील विहिरीवर टाचा घासता घासता शेवाळावरून घसरले. पाय सुजून भोपळ्याएवढा! तरी दुसऱ्या दिवशी, पवित्र गुरुवारी, बारा जणांतला आपला चौरंग चुकू नये म्हणून काठी टेकत, कण्हत चर्चला आलेच. दारापाशी येऊन मटकन खाली बसले.

दाराबाहेर लेकाबरोबर थांबलेली लखमाय म्हणाली, "बघू दे रे बाबा, पाय."

तिच्या लेकाने कुंपणाच्या निरगुडीचा पाला तोडून आणला. तिने तो चुरगाळून सुजेवर बांधला. ठणका एवढा होता की पाटलांच्या तोंडून "नको" निघालंच नाही. हळूहळू त्यांना बरं वाटू लागलं, पण पायभर तिच्या बोटांची काजळी लागली.

तेवढ्यात आतून हाक आली, "पाटील, या. तुमचाच चौरंग राहिलाय."

पाटील लंगडत आत गेले. आपल्या काळ्या पायाकडे त्यांनी पाहिलं, मग घंगाळात पाहिलं. अकरा जणांचे पाय धुऊन झाले होते, तरी पाण्याचा तळ लख्ख दिसत होता.

पाद्रीबाबा हळूच म्हणाले, "तीस वर्षं मी हे नितळ पाणीच ओतून देतोय. तुम्ही सगळे घरूनच धुऊन येता. मी धुवायचं तरी काय?"

पाटलांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते दाराकडे वळले आणि म्हणाले, "बाबा, माझ्या चौरंगावर लखमायला बसवा."

"अहो, आणि फरशी?" कुणीतरी ओरडलं.

"फरशी मी पुसेन," पाटील म्हणाले.

लेकाने लखमायला चौरंगावर बसवलं. पाद्रीबाबांनी तिचे पाय हातात घेतले, आणि बघता बघता घंगाळातलं पाणी काळंभोर झालं. ती वेदीकडे बघत हुंदके देऊन रडली. तिच्यामागून सगळी खोपटं आत आली आणि बाकांवर बसली. प्रार्थना संपली तशी पाटलांनी खरोखरच बसल्या बसल्या सरकत अख्खी फरशी पुसून काढली.

तेव्हापासून त्या गावात पवित्र गुरुवारी कुणी टाचा घासत नाही. माणसं कामावरून येतात तशीच आत जातात, आणि दार अडवायला कुणी उभं नसतं.

मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीही ऐका: जिथे फक्त धुतलेल्या पायांना जागा असते, तिथे धुळीतून चालत येणाऱ्या प्रभूलाही बाहेरच उभं राहावं लागतं.