ड्रमकेराची शेवटची चूल

आयर्लंडमधल्या ड्रमकेराच्या टेकडीवर पाहण्यासारखं काहीही नाही. दम खात वर आलेल्या पाहुण्यांना म्हातारा दोनाल हे आधीच सांगून टाकतो. गवतात तीन काळे दगड आहेत, बस. एवढ्या जागेचा एके काळी स्वतंत्र मतदारसंघ होता आणि इथून डब्लिनच्या संसदेत खासदार जात, असं तो सांगतो. त्यावर कोणी हसलं की वैतागतो.

नियम असा होता म्हणे: ज्याच्या स्वतःच्या चुलीवर सलग सहा महिने अन्न शिजलं, त्याला मत. जमीनदाराला खासदार हवा होता, मतदार नको होते. त्याने एकेक घर पाडलं. शेवटी उरलेल्या फेलिम नावाच्या शेतकऱ्याच्या घराचं छप्परही काढून नेलं. पण नियमात छपराचा शब्द नव्हता, चुलीचा होता. फेलिम हटून बसला. आता मतदार तो एकटाच. तो म्हणेल तोच खासदार. खालच्या ओढ्यावर पूल बांधून देईन, असं जमीनदाराच्या विरोधातल्या उमेदवाराने कबूल केलं होतं. त्याच ओढ्यात फेलिमची थोरली मुलगी वाहून गेली होती.

हट्ट नवऱ्याचा, चूल मात्र बायकोच्या गळ्यात. नुआलाचा जीव मेटाकुटीला आला. भर पावसात घोंगडी धरून उभं राहायचं, ओलं सरपण फुंकायचं, आणि रोज तेच बटाटे. "ते मत काय अंगावर पांघरायचंय?" असं ती रोज विचारी. पण विस्तव तिने एकदाही विझू दिला नाही.

मतदानाच्या दिवशी मतं नोंदवणारा कारकून वर आला, तो वही बगलेत मारूनच. डब्लिनची संसद लंडनच्या संसदेत विलीन होऊन मोडीत निघाली होती आणि तिच्याबरोबर ड्रमकेरा मतदारसंघही. "आता इथून कोणीच निवडून जायचं नाही," तो म्हणाला. फेलिमने हातातलं सरपण टाकून दिलं.

नुआलाचं डोकं फिरलं. "सहा महिने धूर खाल्लाय मी. वही उघडा, साहेब. यांचं मत लिहा. मग माझं."

"बाईला मत नसतं. तसा नियम आहे."

"मतदारसंघच उरला नाही म्हणता, मग नियम कुठला उरला?"

कारकुनाने वही उघडली आणि दोन्ही मतं लिहून घेतली, असं सांगतात.

आजही मतदानाच्या त्या तारखेला ड्रमकेराच्या जुन्या घराण्यांतली माणसं इथे चढून येतात आणि आपलं मत मोठ्याने सांगतात, बायका आधी. ऐकायला कोणी नसतं. सगळे पुलालाच मत देतात, असं म्हणून दोनाल काठी उचलतो, आणि ओढ्याच्या पाण्यातून जाताना मुलांचे हात घट्ट धरा म्हणून पाहुण्यांना बजावतो.