टिचकी उंदरीच्या लाह्या

बोटाएवढी एक उंदरी होती. तिचं नाव टिचकी.

भागूकाकूच्या घराच्या भिंतीत टिचकीचं बीळ होतं. बिळात तीन पिल्लं होती. गुलाबी गुलाबी. मऊ मऊ. आणि सारखी भुकेली.

"चीं चीं. आई, भूक. चीं चीं. आई, भूक."

एके दिवशी टिचकी शेतात गेली. ज्वारीचा एक दाणा तोंडात धरला. घरी आणला. लुटुलुटु, लुटुलुटु.

पुन्हा गेली. दुसरा दाणा आणला. लुटुलुटु, लुटुलुटु.

पुन्हा गेली. तिसरा दाणा आणला. लुटू… लुटू…

तीन पिल्लं. तीन दाणे.

टिचकी फार दमली. तिने दाणे ओसरीवर ठेवले. म्हणाली, "जरा बसते. मग आत नेते."

बसली. डोळे मिटले. झोपच लागली.

तेवढ्यात भागूकाकू आली. तिच्या हातात सूप होतं. सुपात ज्वारी होती. काकूने ज्वारी पाखडली. फट फट, फट फट. थोडे दाणे खाली सांडले. काकूने हाताने गोळा केले. सुपात टाकले. त्यातच टिचकीचे तीन दाणे गेले. काकूला कळलंसुद्धा नाही.

काकूने ज्वारी धुतली. पातेल्यात घातली. वरून कढत पाणी ओतलं. मग पाणी गाळलं. ज्वारी फडक्यात बांधली. घट्ट गाठ मारली. गाठोडं कोपऱ्यात ठेवलं.

टिचकीला जाग आली. बघते तर दाणे नाहीत. खांबामागे बघितलं. नाहीत. उंबऱ्याखाली बघितलं. नाहीत. त्या दिवशी पिल्लं तशीच झोपली. उपाशी.

सकाळ झाली. काकूने गाठोडं सोडलं. ज्वारी चटईवर पसरली. टिचकीने नाक वर केलं. हुं हुं, हुं हुं. वास ओळखीचा होता. आपले दाणे इथेच आहेत.

टिचकी म्हणाली, "भागूकाकू, भागूकाकू, माझे तीन दाणे तुझ्या ज्वारीत गेले. माझी पिल्लं उपाशी आहेत. माझे दाणे दे."

काकूने ज्वारीकडे बघितलं. केवढी तरी ज्वारी. सगळे दाणे सारखे.

"अगं बाई," काकू म्हणाली. "मला दिसलंच नाही गं. आता यातले तुझे कुठले आणि माझे कुठले? असं कर. दाणे नेऊच नकोस. कडक असतात. तुझ्या पिल्लांना दात कुठे आहेत? मी लाह्या फोडणार आहे. तीन दाण्यांच्या तीन लाह्या घे. मऊ मऊ, पांढऱ्या पांढऱ्या."

"मग फोड ना काकू."

काकू खांबाला टेकून बसली. म्हणाली, "दमले गं बाई. ज्वारी निवडली, ज्वारी धुतली, ज्वारी बांधली. कंबर दुखतेय माझी. कढई तापल्याशिवाय मी काही लाह्या फोडायची नाही."

टिचकी निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु. कढईकडे गेली. कढई चुलीवर बसली होती. काळी काळी, गार गार.

"काकू लाह्या फोडीना,
पिल्लांचं पोट भरेना.
कढईबाई, कढईबाई, तापतेस का?"

कढई म्हणाली, "दमले गं बाई. काल वांगी परतली, परवा शेंगदाणे भाजले. चूल पेटल्याशिवाय मी काही तापायची नाही."

टिचकी खाली उतरली. लुटुलुटु, लुटुलुटु. चुलीपुढे उभी राहिली. चुलीत नुसती राख होती.

"कढई तापेना,
काकू लाह्या फोडीना,
पिल्लांचं पोट भरेना.
चूलबाई, चूलबाई, पेटतेस का?"

चूल म्हणाली, "दमले गं बाई. भाकरी झाली, भात झाला, अंघोळीचं पाणी झालं. पोटात माझ्या राख राहिली. काटक्या आणल्याशिवाय मी काही पेटायची नाही."

काटक्या कोण आणतं? नाना आणतात. नाना म्हणजे भागूकाकूचे नवरे.

टिचकी अंगणात गेली. लुटुलुटु, लुटुलुटु. अंगणात काटक्यांचा ढीग होता. ढिगाशेजारी नाना बसले होते. अंगावर घोंगडं होतं. घोंगड्यातून नुसतं नाक दिसत होतं.

"चूल पेटेना,
कढई तापेना,
काकू लाह्या फोडीना,
पिल्लांचं पोट भरेना.
नाना, नाना, काटक्या आणता का?"

नाना म्हणाले, "दमलो गं बाई. दोनदा विहिरीवर गेलो. दोन हंडे पाणी आणलं. आणि ह्या काटक्या बघ. दवाने भिजल्यात सगळ्या. ओल्या काटक्यांचा नुसता धूर होतो. ऊन पडल्याशिवाय मी काही काटक्या आणायचा नाही."

टिचकी कौलांवर चढली. लुटुलुटु, लुटुलुटु. तिचे पुढचे पाय दुखायला लागले. वर बघितलं. ऊन ढगामागे बसलं होतं. अगदी थोडं दिसत होतं. पिवळं पिवळं.

"नाना काटक्या आणीनात,
चूल पेटेना,
कढई तापेना,
काकू लाह्या फोडीना,
पिल्लांचं पोट भरेना.
उन्हा, उन्हा, पडतंस का?"

ऊन म्हणालं, "दमलं गं बाई. सकाळपासून ढगाला ढकलतंय. तो काही सरकत नाही. ढग हलल्याशिवाय मी काही पडायचं नाही."

टिचकी कौलांवरून उतरली. टेकडीवर चढली. लुटू… लुटू… तिचे मागचे पायसुद्धा दुखायला लागले. टेकडीवर ढग बसला होता. जाडजूड. करडा करडा.

"ऊन पडेना,
नाना काटक्या आणीनात,
चूल पेटेना,
कढई तापेना,
काकू लाह्या फोडीना,
पिल्लांचं पोट भरेना.
ढगोबा, ढगोबा, हलतोस का?"

ढग म्हणाला, "दमलो गं बाई. पोटात पाणी आहे माझ्या. जड झालोय. स्वतःहून उठवत नाही. वारा सुटल्याशिवाय मी काही हलायचा नाही."

"वारा कुठे आहे?" टिचकीने विचारलं.

"खाली शेतात," ढग म्हणाला. "कडब्याच्या गंजीत झोपलाय."

टिचकीने खाली बघितलं. शेत खूप लांब होतं. आत्ताच तर ती चढून आली होती. तिला रडू येत होतं. पण रडायलासुद्धा वेळ नव्हता. पिल्लं वाट बघत होती.

टिचकी टेकडी उतरली. लुटू… लुटू… लुटू… मध्येच थांबली. शेपटी ओढत ओढत पुन्हा निघाली. लुटू… लुटू… लुटू…

शेतात कडब्याची गंजी होती. ज्वारीची वाळलेली ताटं एकावर एक रचलेली. आत वारा झोपला होता. घुर्र… घुर्र…

टिचकीचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"ढग हलेना…
ऊन पडेना…
नाना काटक्या आणीनात…
चूल पेटेना…
कढई तापेना…
काकू लाह्या फोडीना…
पिल्लांचं पोट भरेना…
वारेबुवा, वारेबुवा, सुटता का?"

वाऱ्याने एक डोळा उघडला. म्हणाला, "दमलो गं बाई. कालचा सगळा दिवस धावलो. अंग जड झालंय. कुणीतरी फुंकर घातल्याशिवाय मी काही सुटायचा नाही."

"कुणाची फुंकर?" टिचकीने विचारलं.

वाऱ्याने डोळा मिटला. पुन्हा झोपला. घुर्र… घुर्र…

टिचकीने इकडे बघितलं. कुणी नाही. तिकडे बघितलं. कुणी नाही. आता कुणाकडे जायचं? काकू दमली. कढई दमली. चूल दमली. नाना दमले. ऊन दमलं. ढग दमला. वारा दमला.

आणि टिचकी? टिचकी तर सगळ्यांत जास्त दमली होती.

ती गंजीपाशी बसली. काही म्हणाली नाही. काही मागितलं नाही. तिने फक्त एक मोठा श्वास टाकला.

"हुऽऽऽश."

कडब्याचं एक पान हललं. सळ.

शेजारचं पान हललं. सळ सळ.

वाऱ्याने दोन्ही डोळे उघडले. "कुणी फुंकर घातली?"

"फुंकर नाही घातली," टिचकी म्हणाली. "मी नुसता श्वास टाकला. फार दमलेय मी."

वाऱ्याने तिच्याकडे बघितलं. बोटाएवढी उंदरी. पाय मातीने भरलेले. शेपटी जमिनीवर पडलेली.

"तेवढी फुंकर पुरे," वारा म्हणाला. आणि उठला.

वारा सुटला. सूं सूं, सूं सूं.

ढग हलला. हळू हळू, हळू हळू. टेकडीवरून गेला पलीकडे.

ऊन पडलं. लख्ख लख्ख. कौलांवर पडलं, अंगणात पडलं, काटक्यांवर पडलं.

काटक्या वाळल्या. कुडुम कुडुम. नानांनी घोंगडं बाजूला ठेवलं. "चला, उठायला हवं," म्हणाले, आणि काटक्या आत घेऊन गेले.

चूल पेटली. फर्र फर्र, फर्र फर्र.

कढई तापली. अशी तापली, अशी तापली, की पाण्याचा थेंब टाकला तर चर्र झाला.

भागूकाकू उठली. कमरेवर हात ठेवून उठली, पण उठली. तिने मूठभर ज्वारी कढईत टाकली. फडक्याचा बोळा केला. बोळ्याने ज्वारी हलवली. गोल गोल, गोल गोल.

एक दाणा फुटला. तड.

दुसरा फुटला. तड तड.

मग सगळेच फुटायला लागले. तडतड तडतड, तडतड तडतड. पिवळे दाणे गेले, पांढऱ्या लाह्या झाल्या. कढईत मावेनात. टोपलीत ओतल्या. घरभर खमंग वास सुटला.

टिचकी दारात आली. लुटू… लुटू… आत यायचंही बळ नव्हतं. उंबऱ्याला टेकून उभी राहिली.

काकूने टोपलीतून लाह्या काढल्या. "ही एक. ही दोन. ही तीन. घे गं टिचकी. तीन दाण्यांच्या तीन लाह्या."

टिचकीने पहिली लाही बिळात नेली. थोरल्या पिल्लाला दिली. दुसरी नेली, मधल्याला दिली. तिसरी नेली, धाकट्याला दिली. लाह्या पिल्लांच्या डोक्याएवढ्या होत्या. पिल्लांनी दोन्ही हातांनी धरल्या.

मुटुमुटु, मुटुमुटु.

कुणी चीं चीं केलं नाही. तोंडात लाही असल्यावर चीं चीं कशी करणार?

टिचकी बिळाच्या तोंडाशी बसली. पिल्लांकडे बघत राहिली.

काकूने वाटीत लाह्या घेतल्या. वर गूळ किसला. कोमट दूध ओतलं. एक वाटी नानांना दिली. एक स्वतः घेतली. बसली भिंतीशी, बिळाच्या शेजारी.

"टिचकी, तुझी लाही कुठे आहे?" काकूने विचारलं.

"माझे दाणे तीनच होते काकू," टिचकी म्हणाली. "पिल्लंही तीनच."

काकूने आपल्या वाटीतली एक लाही उचलली. दुधात भिजलेली. गुळाने गोड झालेली. टिचकीपुढे ठेवली.

"सगळ्यांच्या दारी तू फिरलीस," काकू म्हणाली. "तू फिरलीस म्हणून आम्ही खातोय. ही तुझी. चावायचीसुद्धा नाही. नुसती गिळ."

टिचकीने लाही चाटली. गोड लागली. थोडी खाल्ली. आणखी थोडी खाल्ली. सगळी खाल्ली.

मग तिने पाय पोटाशी घेतले. शेपटी अंगाभोवती गुंडाळली.

आतून थोरलं पिल्लू म्हणालं, "आई, आणखी."

भागूकाकूने ओठांवर बोट ठेवलं. "श्शू. आई झोपलीय." आणि तिने हळूच आणखी एक लाही बिळात सरकवली.