बॉनेट न उघडता

एकदा एक गुळाचा व्यापारी आपली जुनी, उघड्या टपाची स्पोर्ट्‌स कार दोरखंडाने जीपला बांधून गॅरेजात घेऊन आला, तेव्हा तिथल्या शिष्याचं तोंडच उतरलं. कारण हीच गाडी त्याने मागच्या आठवड्यात ‘आता बिनघोर जावा शेठ’ म्हणून पाठवून दिली होती.

गॅरेज कोल्हापूरचं. मालक बाबालाल मिस्त्री, पण सारं गाव त्यांना वस्ताद म्हणे. वय झालेलं, हातांना कंप सुटलेला, त्यामुळे पाना धरणं त्यांनी सोडून दिलं होतं. भंगारातल्या एका बसच्या सीटवर बसून ते दिवसभर इंजिनांचे आवाज ऐकत आणि काम सगळं सर्जेराव बघे. सर्जेराव म्हणजे तोच शिष्य, त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. बुद्धीने तल्लख, कष्टाला वाघ, आणि जरासा तापट. तल्लख माणसाला तेवढं असायचंच.

गाडीचे मालक भूपालशेठ. तरुणपणी हौसेनं घेतलेली ही डाळिंबी रंगाची गाडी, जेमतेम दोन माणसांची. पण आता तिच्यात हौसेपलीकडचं काही होतं. शेठच्या पत्नीची, पद्मावतीकाकींची, दृष्टी गेल्या वर्षी पार गेली. तेव्हापासून दर रविवारी शेठ त्यांना या गाडीतून पन्हाळ्याच्या रस्त्याने हिंडवून आणत. मुलाची मोठी थोरली गाडी दारात उभी असे, पण काकी म्हणत, काचा लावलेल्या गाडीत बसलं काय आणि घरात बसलं काय, मला सारखंच. उघड्या गाडीत वारं तोंडावर येई, गुऱ्हाळाचा वास येई, नदीवरचा गारवा अंगाला लागे. त्यावरून काकी अचूक सांगत, आता पूल आला, आता ऊस सुरू झाला. त्यांचं जग बघणं ते तेवढंच.

नेमकं त्याच सुखाला ग्रहण लागलं होतं. गाडी घरून झोकात निघे, थोडी दूर गेली की गुदमरू लागे, मागून काळा धूर सोडी आणि बंद पडे. परवाच्या रविवारी तर ती ऐन पुलावर थांबली. मागे एसटी, ट्रक, उसाच्या गाड्या, आणि सगळ्यांचे हॉर्न. डोळस माणसाला हॉर्न कुठून वाजतो ते कळतं. काकींना ते चहूबाजूंनी अंगावर आल्यासारखे झाले. घरी आल्यावर त्यांनी एवढंच सांगितलं, की रविवार आता पुरे, मी घरीच बरी.

हे सांगताना शेठची मान खाली होती. आणखी एकदा गाडी दुरुस्त करून बघू, नाही जमलं तर विकून टाकू, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

“गाडीचं एवढं काही नाही रे सर्जेराव,” ते म्हणाले. “पण आमची ही एकदा घरात बसली, की मग कायमची बसेल.”

सर्जेराव इरेला पेटला. या गॅरेजचा एक दंडक होता. गाडी आत आली, की मालकाला समोरच्या चहाच्या टपरीवर पाठवायचं. मालक डोक्यावर उभा राहिला की कारागिराचा हात अडखळतो, म्हणून. त्याप्रमाणे शेठना टपरीवर धाडून त्याने बॉनेट उघडलं. प्लग काढले, तर ते काजळीने माखलेले. म्हणजे पेट्रोल जास्त जातंय आणि हवा कमी पडतेय, हे उघड होतं. कार्ब्युरेटर खोलून धुतला. चोक तपासला. चोकचं बटण डॅशबोर्डवर मधोमध असतं. थंड इंजिन सुरू करताना ते बाहेर ओढलं की हवा कोंडते, पेट्रोल भरपूर जातं. इंजिन तापलं की बटण आत सोडायचं. ते आत होतं, तारही मोकळी होती. मग त्याने एकट्यानेच गाडी पन्हाळ्याच्या पायथ्यापर्यंत नेऊन आणली. हरणासारखी पळाली.

मागच्या खेपेलाही अशीच पळाली होती. सर्जेरावाने हातातलं फडकं आपटलं आणि वस्तादांपुढे येऊन बसला.

“वस्ताद, ह्या गाडीत दोष न्हाई आणि ही गाडी चालत न्हाई. आता काय करू?”

वस्तादांनी विचारलं, हे दुखणं कधीपासूनचं? सर्जेराव म्हणाला, वर्ष झालं असेल. वस्तादांनी मान डोलावली आणि एक विचित्रच आज्ञा केली. हत्यारं पेटीत घालून पेटी बंद कर. बॉनेट पाड. शेठना सांग, उद्या काकींना घेऊन या, आणि रविवारी जसे निघता तसेच सगळं घेऊन या.

सर्जेराव मनात म्हणाला, म्हातारा आता थकला.

दुसऱ्या दिवशी दोघं मुलाच्या गाडीतून आली; गॅरेजापर्यंतच जायचं, म्हणून काकी तयार झाल्या होत्या. वस्तादांनी त्यांना टपरीवर पाठवलं नाही. अंगणातच त्यांच्या उघड्या गाडीत बसवलं, इंजिन चालू ठेवायला सांगितलं आणि स्वतः काकींच्या बाजूच्या दाराशी स्टूल ओढून गप्पा मारू लागले. वहिनी, रस्त्याला काय काय लागतं, सांगा बघू. काकी आधी संकोचल्या, मग खुलल्या. कुठल्या वळणावर चिंचेचा गारवा लागतो, कुठे शेणी थापलेल्या असतात, सगळं सांगू लागल्या. वस्ताद जावयाच्या घरचा वृत्तांत ऐकावा तसे ऐकत होते. सर्जेराव बाजूला उभा राहून चरफडत होता. गिऱ्हाईक खोळंबलंय, आणि ह्यांना शेणी सुचतायत.

इतक्यात इंजिन घोगरं झालं. मागून काळा धूर निघाला. सर्जेराव सवयीने बॉनेटकडे धावला, पण वस्तादांनी नुसत्या नजरेने त्याला थांबवलं.

काकी म्हणाल्या, “वस्ताद, बोलून घसा सुकला असेल तुमचा. चहा आणलाय मी.” त्यांचा हात न चाचपडता सरळ पुढे गेला आणि डॅशबोर्डला टांगलेली एक कापडी पिशवी त्यांनी मांडीवर घेतली. त्याबरोबर इंजिनाचा आवाज एकदम मोकळा झाला.

सर्जेरावाचे कान टवकारले. काकींनी थर्मासमधून चहा ओतला, बूच लावलं आणि पिशवी पुन्हा होती तिथे अडकवली. थोड्या वेळात इंजिन पुन्हा घोगरं. आता सर्जेरावाला दिसलं. पिशवी चोकच्या बटणाला टांगलेली होती. थर्मास, पाण्याची बाटली, शाल, एवढा भार पडून जुनं सैल बटण बाहेर ओढलं जात होतं, आणि पिशवी काढली की आपोआप आत सरकत होतं. मागे खूणसुद्धा राहत नव्हती.

तो बोलायला तोंड उघडणार, तोच वस्ताद उठले आणि त्याच्या खांद्याचा आधार घेऊन त्याला शेडमध्ये घेऊन गेले.

“तुझं काम चोख होतं, सर्जा,” ते म्हणाले. “पण तू रिकाम्या गाडीला विचारत होतास. पाहुण्यांपुढं पोर जसं शहाण्यासारखं वागतं, तशी ती तुझ्यापुढं वागली. खरं दुखणं आपल्या माणसांत बोलतं. मालकाला बाहेर धाडायचा नियम मीच केला, शिकाऊ पोराचे हात थरथरू नयेत म्हणून. तू शिकाऊ राहिला न्हाईस, पण नियम धरून बसलास.”

सर्जेरावाने मान खाली घातली. त्याला वाटलं, संपलं. पण वस्तादांनी खांद्यावरचा हात काढला नव्हता.

“आता पुढचं ऐक. शेठनी ती पिशवी तिथं कशापायी टांगली? वहिनींना चाचपडायला लागू नये, हात घातला की मिळावी, म्हणून. ही गाडी मायेनं आजारी पडलीया. तू आत्ता बाहेर जाऊन म्हणशील, तुमच्या पिशवीनं गाडी बंद पडते. गाडी दुरुस्त होईल. पण आपल्यापायी नवऱ्याला पुलावर तोंडघशी पडावं लागलं, हे मनात घेऊन ती बाई पुन्हा गाडीत बसंल? दुखणं शोधावं लेका. दोषी शोधत बसू नये.”

 सर्जेरावाने पेटी उघडली, एक पितळी हूक शोधून काढला, त्याचं टोक बोटाला टोचू नये म्हणून कानसून गुळगुळीत केलं आणि काकींच्या हाताच्या अंतराने, बटणापासून दूर, डॅशबोर्डच्या लाकडी पट्टीत पक्का बसवला. शेठ बघत होते. त्यांची नजर हुकावरून बटणाकडे गेली, बटणावरून पिशवीकडे. त्यांनी उगाचच काच पुसायला घेतली.

सर्जेरावाने काकींचा हात धरून हुकाशी नेला. काकींनी तो चाचपला, मग तिथून बोटं सरकवत त्या बटणापाशी आल्या आणि थबकल्या. डोळे गेले होते, बुद्धी शाबूत होती.

त्यांनी हळूच विचारलं, “म्हणजे माझ्यामुळंच का रे ते सगळं?”

वस्तादांनी शिष्याकडे पाहिलं नाही. ते थंड झालेला चहा पीत राहिले.

सर्जेराव म्हणाला, “न्हाई काकी. पिशवीला ह्या गाडीत जागाच न्हवती. ती द्यायची आमच्याकडनं राहिली होती. आता दिलीया.”

 काकींनी स्वतःच्या हाताने पिशवी हुकाला अडकवली आणि पदर खोचून घेतला.

“अहो, चला,” त्या शेठना म्हणाल्या. “आज रविवार नसला म्हणून काय झालं?”

गाडी फाटकातून बाहेर पडली. सर्जेराव रस्त्यापर्यंत गेला आणि ती वळणाआड जाईपर्यंत तिच्या मागे बघत राहिला. धुराची रेघसुद्धा नव्हती. परत येऊन पाहतो तो पुढची गाडी उभी, आणि तिचा मालक दंडकाप्रमाणे टपरीकडे निघालेला. सर्जेरावाने त्याला हाक मारली आणि बसायला स्टूल दिलं.

आपल्या घरातलं एखादं माणूस असं अधूनमधून गुदमरत असेल, तर त्याला दोष लावण्याआधी घटकाभर त्याच्या शेजारी बसून पाहावं. पुष्कळदा कुणाच्या तरी मायेचंच ओझं चुकीच्या जागी टांगलेलं असतं.