मुंगीचं अंडं आणि सागाचं पान

एवढीशी मुंगी. तिचं एवढंसं अंडं. पांढरं पांढरं.

अंड्याला ऊन दाखवायचं होतं. मुंगीने ते सागाच्या कोवळ्या पानावर ठेवलं, अगदी खळगीत. आणि गेली घोटभर पाणी प्यायला.

तेवढ्यात आली विजूताई. विजूताई पानांची चित्रं करते. सागाचं कोवळं पान ओल्या कागदावर लाल रंग सोडतं ना! तिने पान खुडलं, खुट्ट! ओल्या कागदावर पालथं घातलं. कागद गुंडाळला. वर दोरी बांधली. चुलीवर पाणी ठेवलं.

"पाणी उकळलं की गुंडाळी आत," विजूताई म्हणाली. "मग पानाचा लाल रंग पक्का!"

मुंगी आली. पान कुठे? अंडं कुठे? बघते तर काय, पान गुंडाळीत, वर दोरी!

चुलीवर पाणी सूं सूं.

तुरुतुरु, तुरुतुरु. मुंगी गेली दोरीकडे.
"दोरीताई, दोरीताई,
माझं अंडं आत!
सूट ना गं!"
"उंदीर कुरतडेल, तेव्हा सुटेन."

चुलीवर पाणी गुडगुड.

तुरुतुरु, तुरुतुरु. मुंगी गेली उंदराकडे.
"उंदीरदादा, उंदीरदादा,
दोरी सुटत नाही,
माझं अंडं आत!
कुरतड ना रे!"
"खार शेंग देईल, तेव्हा कुरतडेन."

चुलीवर पाणी खदखद.

तुरुतुरु, तुरुतुरु. मुंगी गेली खारीकडे.
"खारूताई, खारूताई,
उंदीर कुरतडत नाही,
दोरी सुटत नाही,
माझं अंडं आत!
शेंग दे ना गं!"
"शेंग कोंबडीच्या टोपलीत. कोंबडी उठेल, तेव्हा देईन."

आता आली का पंचाईत! कोंबडी होती खुडूक. अंड्यांवर बसलेली. हाकललं तरी उठत नव्हती.

मुंगी अगदी रडकुंडीला आली.
"कोंबडीमावशी, कोंबडीमावशी,
खार शेंग देत नाही,
उंदीर कुरतडत नाही,
दोरी सुटत नाही,
माझं अंडं आत!
ऊठ ना गं!"

"नाही म्हणजे नाही! माझी अंडी गार..."
कोंबडी थांबली. मान वाकडी केली.
"काय म्हणालीस? अंडं? आत?"
"हो गं मावशी!"
"अगं, मग आधी माझ्याकडे नाही का यायचं!"

आणि कोंबडी उठली. फडफड फडफड!

कोंबडी उठली, खारीने शेंग दिली.
खारीने शेंग दिली, उंदीर कुरतडू लागला. कुर्र कुर्र, कुर्र कुर्र.

चुलीवर पाणी रटरट रटरट!
विजूताईने गुंडाळी उचलली. उंदीर दोरीला लोंबकळतच! "चला, आत!"

कुर्र... कट्!
दोरी सुटली, सुळकन. कागद उलगडला. पान पडलं खाली. आणि पानाच्या खळगीत अंडं! पांढरं पांढरं. जसंच्या तसं!

मुंगीने ते पटकन तोंडात धरलं.

विजूताई कागदाकडे बघतच राहिली. कागदावर लाल पान. पानाच्या मध्ये एवढुसा पांढरा ठिपका. तिथे रंग लागलाच नव्हता.
"अगंबाई, हा ठिपका कुणाचा?"
"माझ्या बाळाचा!" मुंगी म्हणाली.

विजूताईने ते चित्र उकळलंच नाही. तसंच भिंतीवर लावलं. कोंबडी पुन्हा टोपलीत बसली. मुंगी अंडं घेऊन घरी गेली.

पानाचं चित्र लालेलाल,
मुंगीचं बाळ खुशाल!