हरणाच्या पेल्याचे मालक

डोंगरी किल्ल्याच्या पायथ्याशी एक पेठ होती आणि त्या पेठेत मोरशेट नावाचा माणूस जुन्या वस्तूंचं दुकान चालवायचा. ही गोष्ट त्याच्याकडच्या एका काचेच्या पेल्याची.

पेला मोठा देखणा होता. खाली नाजूक पाय, कडेने वेलबुट्टी आणि मधोमध धावणारं हरीण, सगळं काचेवर कोरलेलं. तो मोरशेटला मिळाला रखमाबाई अत्तरवालीकडून. तिच्या नवऱ्याने बंदरावर एका गलबतावरच्या आचाऱ्याला अत्तराची कुपी देऊन तो घेतला होता. नवरा गेल्यावर रखमाबाई त्याने गुलाबपाणी मापायची. पुढे तिला मोठं पातेलं हवं झालं, म्हणून पेला मोरशेटला देऊन तिने त्याच्याकडून पातेलं नेलं. पेल्याचा इतिहास एवढाच.

पण तो ऐकला की गिऱ्हाईक पेला खाली ठेवायचं. मग मोरशेटने एकाला सांगितलं की हा जुन्या किल्लेदाराच्या घरातला. त्या माणसाने पेला लगेच दोन्ही हातांनी धरला. पुढच्याला सांगितलं की किल्लेदाराला तो सुलतानाने बक्षीस दिला होता. महिन्याभरात गोष्ट इथवर पोचली की महाराजांच्या आजोबांनी राज्याभिषेकाच्या दिवशी याच पेल्यातून सरबत घेतलं. किंमत इतकी चढली की घेणारं कुणी उरलं नाही, ऐकायला मात्र गर्दी व्हायची. बायको म्हणाली, हरीण सुंदर आहे, तेवढंच सांगा की. मोरशेट म्हणाला की हरणाला कोण विचारतो, लोक मालक विचारतात.

एके दिवशी राजाच्या मौल्यवान चीजवस्तू सांभाळणारे कारभारी दुकानात आले. त्यांनी सगळी हकिकत शांतपणे ऐकली, पुन्हा एकदा सांगायला लावली आणि लिहून घेतली. आपलं नशीब उघडलं असं मोरशेटला वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याला पेल्यासकट दरबारात नेलं.

पेला फडक्यात गुंडाळून समोर ठेवला होता. महाराजांनी विचारलं, "आमच्या आजोबांचा पेला राजवाड्यातून बाहेर कसा पडला?"

मोरशेट तोंड उघडणार, तेवढ्यात राजवाड्याचा म्हातारा सरबतवाला पुढे झाला आणि सांगू लागला की थोरल्या महाराजांच्या हाती तो पेला आपणच दिला होता. किल्लेदाराचा नातूही आला होता. पेला आमच्या घरून चोरीला गेला, आजी मरेपर्यंत त्यासाठी रडत होती, असं तो म्हणाला आणि स्वतःही थोडा रडला.

"तुला हा कुणी दिला?" कारभाऱ्यांनी मोरशेटला विचारलं.

सगळी पेठ दरबारात लोटली होती, त्यात रखमाबाईही होती. तिचं नाव घेतलं की चोरीचा आळ तिच्यावर जाणार आणि हा सुटणार. मोरशेटने तिच्याकडे पाहिलं. बिचाऱ्यावर काय हे संकट आलं, अशा काळजीने ती त्याच्याकडेच बघत होती.

"महाराज, किल्लेदार, सुलतान, राज्याभिषेक, सगळं मी रचलं," मोरशेट म्हणाला. "पेला या रखमाबाईंचा. यात गुलाबपाणी मापायच्या त्या."

आता पंचाईत अशी झाली की त्याच्यावर कुणाचा विश्वासच बसेना. खोट्याला दोन साक्षीदार होते आणि खरं सांगणारा तो एकटा. सरबतवाला तर चांगलाच रागावला.

महाराजांनी फडकं न सोडता विचारलं की पेल्यावर काय कोरलं आहे. सरबतवाला म्हणाला, सिंह. नातू म्हणाला, हत्ती, अंबारीसकट.

"हरीण आहे," रखमाबाई म्हणाली. "मागचा एक पाय आखूड झालाय. कोरणाऱ्याचा हात सरकला असेल."

महाराजांनी फडकं सोडलं, पेला उजेडात धरला, तो आखूड पाय पाहिला आणि ते हसू लागले. मग सगळा दरबारच हसला. सरबतवाल्याला मुदपाकखान्यातलं काम आठवलं. नातू त्याच्या मागोमाग गेला.

मोरशेटला शिक्षा झाली ती अशी: आठ बाजारांच्या दिवशी दुकानापुढे उभं राहून पेल्याची खरी हकिकत मोठ्याने सांगायची. त्याने सांगितली. लोक पोट धरून हसले. आठवा बाजार उठल्यावर तो पेला घेऊन रखमाबाईकडे गेला. ती म्हणाली, पातेलं काही परत देता येणार नाही, चुलीवर आहे. राहू दे, म्हणत त्याने पेला तिच्या हातात ठेवला.

तेव्हापासून तिच्या दारात रांग लागते. खुद्द महाराजांनी हातात धरलेल्या पेल्यानेच मापलेलं गुलाबपाणी सगळ्यांना हवं असतं. आणि यातला शब्द न् शब्द खरा आहे.

तात्पर्य इतकंच: वस्तूची खोटी थोरवी सांगत सुटलं की एक दिवस ती आपल्यालाच सिद्ध करावी लागते. खरं सांगताना चार लोक हसतील, पण त्यात कुणा निरपराधाचा बळी जात नाही.